कोरडा हात

बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास एका नऊ व्होल्टच्या बॅटरीनं निकाल दिला, की दिगंबर आरोलकर मास्तर जिवंत माणसांत जमा नाहीत. वर्गातल्या बायका पोट धरधरून हसल्या. मास्तरही हसले, पण त्यांचं हसू पडवीच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकलं.

वर्ग भरायचा तो वेंगुर्ल्यातल्या एका काजू कारखान्याच्या मागच्या पडवीत. कारखान्यात काजू फोडायची यंत्रं आली होती. ज्या बायका विजेचं काम शिकतील त्यांना यंत्रांवर घेऊ, बाकीच्यांनी आपापलं बघावं, असं मालकानं सांगून टाकलं होतं. तेव्हा नऊजणी शिकायला बसल्या. शिकवायला होते चौतीस वर्षं खांबांवर काढून निवृत्त झालेले लाइनमन दिगंबर. मास्तर ही पदवी त्यांना या बायकांनीच दिली. त्याआधी गाव त्यांना दिगू वायरमन म्हणूनच ओळखायचं.

"करंट म्हणजे काय, तर घराची ओढ लागलेलो पावणो," त्या दिवशी ते सांगत होते. "बॅटरीच्या एका टोकाकडसून निघालो की दुसऱ्या टोकाक परत येवकच व्हयो. परतीची वाट मोडलास, तर तो पाऊल भायर टाकणा नाय. स्विच म्हणजे दुसरा काय? वाटेतला फाटक. उघडा असला तर दिवो नाय, लावन घेतलास तर दिवो."

"आमच्या घराकडे उलटा, मास्तर. फाटक उघडा असला तरच पावणो येता," मालन सातार्डेकर म्हणाली. सव्वीस वर्षं काजू फोडलेली ही बाई वर्गात सगळ्यात आधी समजायची आणि सगळ्यात आधी टिंगल करायची.

मास्तरांनी फळीवर एक सोपं सर्किट जुळवलं होतं. एक बॅटरी, एक तांबडा एलईडी, तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर आणि तारेची दोन उघडी टोकं. टोकं दोन हातांत धरली की अंगातून थेंबभर करंट जातो, ट्रान्झिस्टर त्या थेंबाची वाटी करतो आणि दिवा लागतो. नऊ व्होल्टला मुंगी चावल्याइतकंही कळत नाही, तेव्हा भिण्याचं कारण नव्हतं. ऑफिसात संगणकावर बसणाऱ्या मुग्धानं टोकं धरली. दिवा लख्ख लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मालननं धरली. दिवा लागला नाही.

"घट्ट धर गो."

"धरलंय तर! आता काय चावू?"

तिच्यामागून आणखी पाचजणींनी धरली आणि पाचहीजणींच्या हातांना दिवा ढिम्म. काजूच्या टरफलाचा चीक तेलकट आणि जहाल असतो. तो वर्षानुवर्षं लागून या बायकांचे तळवे काळे, जाड आणि गुळगुळीत झालेले. रेशनच्या दुकानात यांचे अंगठे उमटत नाहीत हे गावाला ठाऊकच होतं. "सर्किट बिघडला असतला," म्हणत मास्तरांनी खांब-तारांनी राठ केलेल्या आपल्या हातांत टोकं धरली. तरी अंधारच.

"मास्तर, तुमचो पण दिवो लागणा नाय!" मालन ओरडली. "आपण दोघांय मेलेलीच!"

हसून झालं, वर्ग सुटला. मास्तर तार गुंडाळत पायऱ्या उतरले आणि समोरच्या खांबावर शनिवारसाठी बसवलेली नवी पांढरी पेटी दिसली. तिथे ते थांबले. आपले दोन्ही तळवे त्यांनी उन्हात धरून पाहिले.

त्या पेटीचं नाव 'राखण'. कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो, वर्षातून एकदा त्याची आठवण ठेवावी लागते. कंपनीनं ते नाव मुद्दामच उचललं असणार, कारण पेट्या बसल्या त्या आठवड्यात कोणीकोणी त्यांच्यापुढे नारळही ठेवून आलं होतं. पेटीचं काम समजायला अवघड नाही. घरात एका तारेतून करंट जातो, दुसऱ्या तारेतून परत येतो. जेवढा गेला तेवढाच परत यायला हवा. कमी आला, तर मधला कुठेतरी पळाला, आणि पळायची एक वाट माणसाच्या अंगातून जमिनीत जाते. हा फरक ओळखून वीज तोडणारे खटके फार पूर्वीपासून होते. पण इकडच्या पावसात भिंतीसुद्धा पाझरतात. भिजलेल्या भिंतीतून करंट जमिनीत मुरतो आणि खटका पडतो. दर अर्ध्या तासानं घर अंधारात जायला लागलं की माणूस काय करतो? वायरमनला बोलावतो आणि खटक्याला वळसा घालून एक तार टाकून घेतो. खटका पडायचा बंद, पंखा सुरू, आणि जीव वाचवणारं यंत्र शोभेला. मास्तरांनी आयुष्यात अशा दीडएकशे तारा काढल्या होत्या. खरं सांगायचं तर तरुणपणी पाच-पंचवीस टाकल्याही होत्या.

राखण या गोंधळावरचा तोडगा होती. माणूस चिकटला की गळती एकदम उडी मारते. भिंत भिजते तेव्हा गळती हळूहळू चढते. पेटी दर क्षणाला हे बघत बसायची. उडी दिसली की सेकंदाच्या पाचशेव्या भागात वीज बंद. चढण दिसली तर काणाडोळा. हा भेद पेटीला ज्या मुलीनं शिकवला ती पुण्याच्या कंपनीत सहा वर्षं त्याच कामावर होती, आणि ती मास्तरांची एकुलती एक लेक ऋतुजा.

मास्तर नव्याला नाक मुरडणाऱ्यांतले नव्हते. त्यांचा जोडीदार बाबल्या खांबावर तारेला चिकटून गेला तेव्हा खालून बघत उभे होते ते हेच. त्या वर्षी दहा वर्षांच्या ऋतुजाला त्यांनी म्हटलं होतं, "बाय, माणूस वळखीत अशी पेटी कर." पोरीनं ती केली. शनिवारी सकाळी गावाची वीज राखणीवर जाणार होती. सोमवारपासून लाइनमननी वीज बंद न करता, हातमोजे न घालता चालू तारांवर काम करायचं, म्हणजे गावाला कधी अंधार सोसायला नको. आणि शनिवारी मंचावर, सगळ्यांसमोर, चालू तार उघड्या हातानं धरून दाखवायचा मान दिगंबर मास्तरांचा होता.

पण ज्या हाताला बॅटरीचा दिवा लागत नाही, त्या हाताची उडी पेटीला दिसणार कशी? त्या संध्याकाळी मास्तर घरात चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. भाताचं पातेलं गॅसवर करपलं तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण दारात उभं राहून खांब मोजतोय.

ऋतुजा गुरुवारी दुपारी आली ती कानाला फोन लावूनच. पोरगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं, आणि बोलताना पाय सारखा हलत होता.

"बाबा, मंत्री नक्की येतायत. चॅनेलवाले पण. पांढरा शर्ट इस्त्रीला दिलास ना?"

"हात दाखव," मास्तर म्हणाले.

"काय?"

"हात गो. मीटर लावतंय."

त्यांनी मीटरची दोन टोकं तिच्या दोन हातांत दिली. आकडा आला सत्तर हजार ओहम. मग स्वतः धरली. आकडा वर चढत चढत चाळीस लाखांवर थांबला. ऋतुजानं तो बघितला आणि खांदे उडवले.

"मग चांगलंच की. व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. दोनशे तीस भागिले चाळीस लाख. एका मिलिअँपिअरचा सतरावा भाग, तुला कळणारसुद्धा नाही. तू सुरक्षित आहेस, बाबा. हे मी सांगत नाही, ओहमचा नियम सांगतो."

"पयल्या क्षणाक. मगे?"

"मग काय?"

"मगे मी तार धरून रवतलंय. हाताक घाम सुटतलो. कातडी नरम पडतली. चाळीस लाखाचे चार लाख होतले, चाराचे चाळीस हजार, तेच्याय खाली. करंट चढत जातलो, पण सावकाश. आणि सावकाश चढता तां काय, तां तुझ्या पेटीक तूच शिकवलंस मां?"

ऋतुजाचा हलणारा पाय थांबला.

"भिंत," ती म्हणाली.

"किती जणांवर करून बघितलंस?"

"चार हजार."

"खंयचे?"

"कॉलेजची मुलं. कंपनीतले लोक. जे आले ते." मग तिचा आवाज चढला. "बाबा, चार हजार म्हणजे कमी नाहीत! आणि हे तुला आत्ता सुचतंय? दोन दिवस आधी? सहा वर्षं मी नीट जेवलेली नाही. माझं काम मोडायचंय का तुला?"

मास्तरांना ते लागलं. आईवेगळ्या पोरीला त्यांनी एकट्यानं वाढवलं होतं आणि तिचं काही मोडण्याचा विचार त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केला नसता. ते अंगणात गेले आणि माडाच्या बुंध्याभोवती फिरत राहिले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पडवीतच मांडामांड केली. ऋतुजानं दाखवण्यासाठी आणलेली राखणीची पेटी, आणि माणसाच्या जागी घुंडी फिरवून कमी-जास्त करता येणारा एक रेझिस्टन्स. घुंडी डावीकडे असली की तो चाळीस लाख ओहमचा कोरडा हात. उजवीकडे नेत गेलं की तोच हात घामानं भिजत जाणार. मध्ये एक मीटर.

"उडी मारून बघ पयली," ते म्हणाले. ऋतुजानं घुंडी झटकन उजवीकडे फिरवली. खट्. पेटीनं वीज तोडली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं.

"आता मी," म्हणून मास्तरांनी घुंडी धरली आणि घड्याळाकडे बघत, पूजेत समई तेवत ठेवणाऱ्या माणसाच्या निवांतपणे ती फिरवू लागले. "पाच मिलिअँपिअर. हय मुंग्यो येतत. दहा. हय दंडात गोळो येता." पेटीवरचा हिरवा दिवा शांत होता. "सोळा. हय मूठ सुटणा नाय. बाबल्याची सुटूक नाय." हिरवा. "तीस. हय श्वास अडाकता."

हिरवा.

"बस," ऋतुजा म्हणाली. मास्तर थांबले नाहीत. चाळीसवर काटा गेला तेव्हा तिनंच हात पुढे करून प्लग ओढला.

प्लग तिच्या हातातच राहिला. मग ती जमिनीकडे बघत सांगू लागली. जुलैच्या चाचणीत पेट्या पावसात सारख्या पडत होत्या. कंपनीचे मोठे साहेब निनाद सर रोज विचारायचे, कधी थांबणार हे? तेव्हा तिनं नियम सैल केला. करंट वर चढायला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेत असेल तर ती भिंत. आणि करंट कितीही सावकाश चढला तरी वीज तोडायची पूर्वीची तीस मिलिअँपिअरची मर्यादा तिनं तीनशेवर नेली. पेट्या पडायच्या थांबल्या. तिला बढती मिळाली.

"मीच केलं, बाबा. कोणी जबरदस्ती केली नाही."

"मगे आता तूच निस्तर. सांग साहेबाक."

"काल रात्रीच सांगितलं. म्हणाले, शनिवारचं होऊन जाऊ दे, मग सुधारणा करू. उद्या मी अडून बसले तर प्रकल्प माझ्याकडून काढतील, आणि मग नियम दुरुस्त करणारं कोणीच उरणार नाही. मला दोन महिने हवेत. फक्त दोन महिने."

"आणि सोमवारी खांबार कोण चढतलो?"

"मी तोवर काहीतरी करते. शपथ." ती रडकुंडीला आली होती. "उद्या फक्त... हाताला मिठाचं पाणी लावून ये. ओल्या हाताचा रेझिस्टन्स कमी असतो. पेटीला तू लगेच दिसशील. तुला काही होणार नाही. बाबा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

नव्हतं मागितलं. बापाच्या पगाराचा अंदाज घेऊन फ्रॉकसुद्धा न मागणारी पोर होती ती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं मास्तरांना. त्या दिवशी ते बंदरापर्यंत दोनदा चालत गेले आणि दोनदा परत आले. परत आल्यावर त्यांनी तिला विचारलं, "मीठ किती घालूचा?"

शनिवारी पौषातली कोरडी, शिरशिरी आणणारी सकाळ होती. मैदानात मांडव, खुर्च्या, भोंगे. गावच्या मानकऱ्यानं नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. ह्या नव्या राखणदारान गावच्या पोराबाळांची, कामकऱ्यांची राखण करूची, असं तो म्हणाला आणि सगळ्या मैदानानं "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली. मास्तरांनीही तोंड हलवलं. आवाज काही निघाला नाही.

मांडवाच्या मागे ऋतुजानं त्यांच्यापुढे बाटली धरली आणि तोंड फिरवून घेतलं. त्यांनी दोन्ही तळवे भिजवले.

मंचावर लोखंडी पत्रा होता, त्याला जमिनीत पुरलेली तार जोडलेली. मास्तर अनवाणी त्यावर उभे राहिले. समोर चालू तार आणि तारेशेजारी एक दिवा जळत होता, वीज आहे हे लोकांना दिसावं म्हणून. त्यांनी मूठ वळली. खट्! दिवा विझला. त्यांना चिमटासुद्धा बसला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला, मंत्र्यांनी पाठ थोपटली. मागच्या रांगेत बसलेले गावचे तिघे लाइनमन उभे राहून शिट्ट्या वाजवत होते. सोमवारी खांबावर तेच चढणार होते.

वीज पुन्हा सुरू केली गेली, हिरवा दिवा आला. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून मालन उठली.

"मास्तर, माका पण धरूक देवा! तुमची शिष्यीण मी!"

"या, या मावशी!" निनाद साहेब खूश झाले. कॅमेरे तिच्याकडे वळले. मालननं चपला काढल्या, पदर खोचला आणि पत्र्यावर पाय ठेवला. भीती तिच्या चेहऱ्यावर नावाला नव्हती. मास्तरांनी धरली, मास्तर हसतायत, मग कसली भीती?

 मास्तरांनी टेबलाशी संगणकापुढे बसलेल्या ऋतुजाकडे बघितलं. तिनं थांबवावं. एक बटण, एक शब्द. एक श्वासभर ते तिच्यासाठी थांबले. तेवढ्यात मालनची मूठ वळली असती, तर तो एक श्वास त्यांना जन्मभर डाचला असता. ऋतुजाची मान खाली होती.

"मालन! हात मागे!"

खांबाच्या टोकावरून खालच्या माणसाला हाळी घालायचा तो आवाज होता.  मास्तरांनी मालनला दंडाला धरून पत्र्यावरून खाली ओढलं, आणि निवेदिकेच्या हातातला माइक घेतला.

"माझो हात ओलो होतो," ते म्हणाले. "मिठाच्या पाण्यान भिजवन इललंय. कोरडो, राठ हात ह्या पेटीक दिसणा नाय. सावकाश चढणारो करंट ती भिंतीचो समाजता. मालनचो हात दिसूचो नाय. आमच्या लाइनमनांचो दिसूचो नाय. कोणी हात लावूचा नाय."

कुजबुज उठली. निनाद साहेब पुढे झाले. "मास्तर, पाणी कोणी लावलं?"

"मी."

साहेबांनी हसून लोकांकडे बघितलं. "बघा, चौतीस वर्षं विजेची धास्ती घेतलेली माणसं. आयत्या वेळी भीती वाटली, म्हणून पाणी लावलं. पण पेटी चालली ना? ऋतुजा मॅडम, पेटी तुमची. तुम्हीच सांगा, काही दोष आहे का?"

ऋतुजा उभी राहिली.  मग ती म्हणाली, "बाबांना बरं वाटत नाहीये. मी त्यांना घरी घेऊन जाते."

लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. सोमवारचं काम ठरल्याप्रमाणे होईल, असं भोंग्यावरून सांगितलं गेलं. मालन पायऱ्यांशी उभी होती. मास्तर जवळून गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मास्तर, तुमी ओल्या हातान पास झालास. आमका कोण भिजवतलो?" तिच्या आवाजात नेहमीची टिंगल नव्हती.

रिक्षात बापलेक दोन टोकांना बसले. मास्तरांच्या चपला मंचावरच राहिल्या होत्या. त्यांना लेकीचा राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, एवढं जड वाटत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सोमवारी सकाळी खांबाखाली जाऊन उभं राहायचं, चढणाऱ्याचे पाय धरायचे, असं काहीबाही त्यांच्या डोक्यात फिरत होतं. पण भ्यालेल्या म्हाताऱ्याचं आता ऐकणार कोण?

खाडीच्या पुलाजवळ ऋतुजा बोलली.

"पाणी मी दिलं होतं. ते का नाही सांगितलंस?"

"माका इचारल्यानी, पाणी कोणी लावला. लावला मीच. दिला कोणी, तां कोणी इचारूक नाय."

"विचारलं असतं तर?"

मास्तरांनी मिठानं खरखरीत झालेले तळवे गुडघ्यांवर पुसले. "तर खोटा बोललो असतंय," ते म्हणाले. "मालनसाठी खरा बोललंय, तुझ्यासाठी खोटा बोललो असतंय. बापूस आसंय. माझ्याकडसून ह्याच्या म्होरा काय होवचा नाय, बाय. पेटी तुझी आसा."

ऋतुजानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रिक्षा पूल ओलांडून गेली. पलीकडच्या चढावर ती एकदम पुढे वाकली आणि रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला.

"काका, मागे वळवा."

मांडवापाशी पोचले तेव्हा लोक जेवायला उठायच्या बेतात होते. मास्तर उतरायला लागले, तर तिनं त्यांना थांबवलं. "तू इथेच बस. तू समोर असलास तर मी परत तुझ्यामागे लपेन."

ती गर्दीतून गेली. मास्तरांना रिक्षातून मंच अर्धाच दिसत होता. मग भोंगा खरखरला.

"मी ऋतुजा आरोलकर. या पेटीचा नियम मी लिहिलाय. बाबांनी सांगितलं ते खरं आहे. मिठाचं पाणी त्यांना मी दिलं होतं. काल माझ्या डोळ्यांदेखत या पेटीनं चाळीस मिलिअँपिअर जाऊ दिले. एवढ्यानं माणूस मरतो. मी त्या आधी जी मर्यादा होती ती—"

भोंगा बंद पडला. कोणीतरी माइकची तार काढली होती. पण तिचा आवाज चालूच होता, बारीक, भोंग्याशिवाय. शब्द काही रिक्षापर्यंत पोचत नव्हते.

"काय सांगता तुमचा चेडू?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"ऐकाक येना नाय," मास्तर म्हणाले, आणि सांगितलेलं मोडून खाली उतरले. अनवाणीच ते मांडवाच्या कडेपर्यंत गेले. दोन माणसं ऋतुजाला मंचावरून खाली यायला खुणावत होती आणि ती टेबलाची कड धरून बोलत होती. जेवणाच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले होते. मागच्या खुर्च्यांवरचे तिघे लाइनमन उठून मंचाला भिडून उभे राहिले होते, तिचा प्रत्येक शब्द ऐकू यावा म्हणून, आणि त्यांतला एकजण ऐकता ऐकता आपला तळहात उलटासुलटा करून बघत होता.